एकही अक्षर न गाळणारी तबकड्यांची कंपनी

आम्हा शिक्षकांची वर्णमालेशी रोज गाठ पडते. मुलांना ‘क’ शिकवताना शब्द शोधावे लागत नाहीत. कमळ, कपाट, करवत अशी रांगच लागते. ‘ङ’ आणि ‘ञ’ आले की मात्र खडू थांबतो. तरीसुद्धा ही दोन अक्षरे फारशी उपयोगी पडत नाहीत म्हणून कोणा पुस्तककर्त्याने ती तक्त्यावरून पुसून टाकलेली नाहीत. तबकड्यांच्या धंद्याला हाच न्याय लावणारे एक गृहस्थ न्यूयॉर्क शहरात होऊन गेले. मोझेस अ‍ॅश हे त्यांचे नाव आणि फोकवेज रेकॉर्ड्स हे त्यांच्या कंपनीचे नाव. एखादी तबकडी खपत नाही, ती यादीतून काढून टाका, असे कोणी सुचवले की ते विचारीत, इंग्रजीत ‘जे’ हे अक्षर ‘एस’पेक्षा कमी लागते, मग ते शब्दकोशातून काढून टाकायचे काय?

१९४८ साली सुरू झालेल्या या कंपनीने १९८६ पर्यंत, म्हणजे अ‍ॅश यांच्या मृत्यूपर्यंत, २,१६८ तबकड्या काढल्या. त्यांत लोकगीते होती, तशीच बेडकांची ओरड होती. मुलांची गाणी होती, तसाच भंगाराच्या आवारातला खडखडाट होता. आणि आजही त्यांतली प्रत्येक तबकडी मागणाऱ्याला मिळते. मोठमोठ्या धनाढ्य कंपन्यांना जे जमले नाही ते या लहानशा कंपनीला कसे जमले, त्याची किंमत कोणी मोजली, आणि समुद्र ओलांडून आलेल्या आपल्यासारख्या लहान समाजाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार या आठवड्याच्या लेखात करू.

रेडिओ दुरुस्त करणारा लेखकपुत्र

मोझेस अ‍ॅश यांचा जन्म १९०५ साली पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. वडील शोलेम अ‍ॅश हे यिद्दिश भाषेतले नामांकित कादंबरीकार. पूर्व युरोपातील ज्यू लोकांची ही घरगुती भाषा. हे कुटुंब आधी फ्रान्सला गेले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास न्यूयॉर्कला आले. मुलाला ओढ होती ती विजेच्या यंत्रांची. त्यांनी जर्मनीत जाऊन रेडिओचे तंत्र शिकून घेतले आणि परत आल्यावर रेडिओ दुरुस्तीचा व ध्वनिक्षेपकाची यंत्रे बसवण्याचा धंदा मांडला. न्यूयॉर्कच्या यिद्दिश नभोवाणीचे काम करता करता, आपल्या लोकांच्या भाषेतली गाणी बाजारात मिळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून १९४०च्या सुमारास त्यांनी स्वतःच तबकड्या काढायला सुरुवात केली. पहिल्या तबकड्या यिद्दिशमधल्याच होत्या. परक्या देशात आपली बोली जपण्यापासून या कामाला आरंभ झाला, ही गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

त्याच सुमारास वडिलांबरोबर ते प्रिन्स्टनला गेले आणि तेथे थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांचे भाषण त्यांनी ध्वनिमुद्रित केले. आपल्या काळाचे आवाज साठवून ठेवण्याच्या कामी आइन्स्टाइन यांनी आपल्याला उत्तेजन दिले, असे अ‍ॅश पुढे नेहमी सांगत.

१९४१ साली लेड बेली या नावाने प्रसिद्ध असलेले हडी लेडबेटर त्यांच्याकडे गायला आले. लुइझियाना राज्यातले हे कृष्णवर्णीय गायक बारा तारांची गिटार वाजवीत. ते तुरुंगवास भोगून आलेले होते. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयासाठी गाणी गोळा करणाऱ्या जॉन आणि अ‍ॅलन लोमॅक्स या पितापुत्रांना ते १९३३ साली तुरुंगातच भेटले होते. अ‍ॅश यांनी त्यांच्याकडून गाऊन घेतली ती मुलांच्या खेळांची गाणी. तुरुंगातून सुटलेल्या माणसाकडून मुलांसाठी गाणी म्हणवून घेतली म्हणून वृत्तपत्रांतून बरीच टीका झाली. परंतु अ‍ॅश बधले नाहीत. लेड बेली १९४९ साली वारले. त्यांच्या ओठी असलेले एक गाणे पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गायकवृंदाने म्हटले आणि ते देशभर गाजले. ते कौतुक पाहायला ते स्वतः मात्र उरले नव्हते.

वुडी गथ्री हे दुसरे गायक. व्यापारी जहाजावर नोकरी करणारे हे गृहस्थ १९४४ साली अ‍ॅश यांच्या खोलीत आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी ढीगभर गाणी ध्वनिमुद्रित केली. अमेरिकेतल्या शाळांमधून पुढे घरचे गाणे म्हणून गायले गेलेले ‘धिस लँड इज युवर लँड’ हे त्यांचे गीत प्रथम तेथेच ध्वनिमुद्रित झाले.

दिवाळखोरीतून शिकलेले गणित

फोकवेजच्या आधी अ‍ॅश यांच्या दोन कंपन्या झाल्या. दुसरी, म्हणजे ‘डिस्क’ नावाची, साफ बुडाली. लोकप्रिय संगीताच्या खर्चिक तबकड्या काढून मोठ्या खपाच्या मागे लागल्याचा तो परिणाम. नाताळासाठी काढलेली एक तबकडी हिमवादळामुळे दुकानांत वेळेवर पोचलीच नाही, आणि नाताळ सरल्यावर नाताळची तबकडी कोण घेणार?

अ‍ॅश कर्जबाजारी झाले होते, म्हणून नवी कंपनी त्यांच्या सहकारी मॅरियन डिस्टलर यांच्या नावे निघाली. १९६४ साली मृत्यू येईपर्यंत कंपनीच्या कारभाराचा मोठा भार या बाईंनीच वाहिला. इतिहासात नाव एकट्या अ‍ॅश यांचे होते, पण पत्रव्यवहार, हिशेब आणि गिऱ्हाइके डिस्टलर सांभाळीत.

या वेळी अ‍ॅश यांनी गणितच उलटे मांडले. एका तबकडीच्या लाख प्रती खपवण्याऐवजी हजारो तबकड्यांच्या थोड्या थोड्या प्रती विकाव्यात असे ठरले. एका वेळी काही शेकडाच प्रती छापायच्या. त्या संपत आल्या की मूळ साच्यावरून पुन्हा थोड्या काढायच्या. आवरणासाठी जाड काळा पुठ्ठा एकाच पद्धतीचा वापरायचा आणि त्यावर त्या त्या तबकडीचा छापील कागद चिकटवायचा, म्हणजे एक तबकडी खपली नाही तरी पुठ्ठा वाया जात नाही. गिऱ्हाईक म्हणून नाचगाण्याची हौस असलेला तरुण डोळ्यांपुढे नव्हता. ग्रंथालये, शाळा आणि विद्यापीठे होती. ग्रंथालय एका वर्षी मागेल, नाहीतर पाच वर्षांनी मागेल. त्यामुळे माल जुना होण्याची भीती नव्हती.

या गणिताला काळाचीही साथ मिळाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीत एका बाजूला तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. लांब कथागीत किंवा रात्रभर चालणारा विधी तिच्यात बसणार कसा? १९४८ सालीच कोलंबिया कंपनीने ३३ फेऱ्यांची मोठी तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक मजकूर मावू लागला. त्याच काळात चुंबकीय फितीचा टेप रेकॉर्डर आला. पूर्वी ध्वनिमुद्रणासाठी गायकाला शहरातल्या खोलीत आणावे लागे, नाहीतर भलेमोठे यंत्र मोटारीत घालून न्यावे लागे. आता यंत्र उचलून गायकाच्या ओसरीवर नेणे सोपे झाले. अ‍ॅश यांना आवाजाला पावडर-लाली लावलेली आवडत नसे. एक मायक्रोफोन, समोर गाणारा माणूस आणि जे ऐकू येते ते जसेच्या तसे, ही त्यांची रीत होती.

आणखी एक गोष्ट शिक्षक या नात्याने आम्हाला फार मोलाची वाटते. प्रत्येक तबकडीबरोबर एक पुस्तिका असे. गाणारा कोण, कुठला, गाणे कोणत्या प्रसंगी म्हणतात, शब्दांचा अर्थ काय, हे तीत दिलेले असे. पुस्तिका पुष्कळदा साध्या टंकलिखित असत, पण त्यांच्यामुळे अनोळखी भाषेतले गाणे नुसता गोंगाट राहत नसे.

बेडूक, कचेरी आणि उपग्रह

फोकवेजची यादी वाचू लागले की आधी हसू येते आणि मग माणूस विचारात पडतो. १९५८ साली निघालेली एक तबकडी उत्तर अमेरिकेतल्या बेडकांच्या आवाजांची आहे. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स बोगर्ट यांनी ५७ जातींच्या बेडकांचे व भेकांचे आवाज गोळा केले. नर मादीला हाक कशी मारतो, संकटात सापडलेला बेडूक कसा ओरडतो, हे ते स्वतःच्या संथ आवाजात समजावून देतात. त्याच वर्षी प्राध्यापक बेनहॅम यांनी टिपलेल्या उपग्रहांच्या संदेशांची तबकडी निघाली. रशियाचा पहिला स्पुटनिक १९५७च्या ऑक्टोबरात आकाशात गेला होता, आणि काही महिन्यांतच त्याची टिकटिक शाळेच्या ग्रामोफोनवर ऐकण्याची सोय झाली.

१९६४ सालची एक तबकडी कचेरीतल्या आवाजांची आहे. टंकलेखन यंत्रांचा कडकडाट, हजेरीच्या घड्याळाचा ठोका, मधल्या सुट्टीतल्या कॉफीच्या वेळची गडबड. तेव्हाच्या माणसाला हे आवाज फुकट मिळत होते; पैसे देऊन कोण विकत घेईल? आज मात्र टंकलेखन यंत्रांनी भरलेली कचेरी कुठे ऐकायला मिळणार? जे रोज कानांवर पडते तेच सर्वांत आधी नाहीसे होते, कारण ते जपायला हवे असे कोणालाच वाटत नाही.

टोनी श्वार्ट्झ यांनी हे फार लवकर ओळखले. मोकळ्या, अनोळखी जागांची त्यांना भीती वाटे, त्यामुळे दूरचा प्रवास नको होई. मग त्यांनी आपल्या घराभोवतालचा टपाल विभाग हेच आपले क्षेत्र मानले. हातात नेता येईल असे यंत्र तयार करून ते रस्त्यावर उतरले. फेरीवाल्यांच्या आरोळ्या, मोटारचालकांच्या गप्पा, फुटपाथवर खेळणाऱ्या मुलींची गाणी, निरनिराळ्या देशांतून आलेल्या शेजाऱ्यांची गीते, सारे त्यांनी टिपले. विभागाचा क्रमांक १९ होता, म्हणून १९५४ सालच्या तबकडीचे नाव ‘न्यूयॉर्क १९’. लोकसंगीत शोधायला रानावनात जावे लागत नाही, ते आपल्या गल्लीतही असते, हे या एका तबकडीने दाखवून दिले.

धाडसी प्रयोगांनाही येथे जागा होती. जॉन केज हे विसाव्या शतकातले मोठे प्रयोगशील संगीतकार. १९५९ साली फोकवेजने त्यांची ‘इनडिटरमिनसी’ ही दोन तबकड्यांची जोडी काढली. केज एका खोलीत बसून ९० लहान-मोठ्या गोष्टी वाचतात. प्रत्येक गोष्टीला बरोबर एक मिनिट. गोष्ट छोटी असेल तर शब्द सावकाश येतात, मोठी असेल तर धावत सुटतात. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत डेव्हिड ट्यूडर पियानो वाजवतात आणि फितीवरचे आवाज सोडतात. दोघांनाही एकमेकांचे काही ऐकू येत नाही. परिणामी कधी गोष्ट आवाजात बुडते, तर कधी दोहोंचा मेळ असा बसतो की ठरवूनही बसला नसता. हे संगीत की नुसता गोंधळ, असा प्रश्न वाचकांना पडेल, आणि तो योग्यच आहे. परंतु बेडूक आणि केज एकाच यादीत शेजारी ठेवणाऱ्या कंपनीला तो प्रश्न ऐकणाऱ्यावर सोपवायचा होता.

बेटावरचा गवंडी आणि स्वयंपाकघरातली गिटार

या कंपनीसाठी गावोगाव फिरून ध्वनिमुद्रण करणारे लोक तिचे नोकर नव्हते. हॅरल्ड कूरलँडर यांनी हैती बेटावरचे व अलाबामा राज्यातले संगीत आणले. आलँ दानिएलू यांनी भारतात राहून टिपलेले धार्मिक संगीत १९५२ साली येथूनच निघाले. कोणी शिक्षक, कोणी संशोधक, तर कोणी नुसते हौशी. एखादा फीत घेऊन दारात येई आणि अ‍ॅश ती ऐकून हो किंवा नाही सांगत.

सॅम्युएल चार्टर्स १९५८च्या उन्हाळ्यात बहामाच्या अँड्रॉस बेटावर गेले. तेथे एका नव्या घराचा पाया बांधला जात होता आणि जवळून गिटारीचे सूर येत होते. दोन वादक एकत्र वाजवीत असावेत असे त्यांना वाटले. पुढे जाऊन पाहिले तर विटांच्या ढिगावर एकच माणूस बसून वाजवीत होता. तो जोझेफ स्पेन्स, धंद्याने गवंडी. ते ध्वनिमुद्रण १९५९ साली फोकवेजने काढले आणि जगभरचे गिटारवादक त्या गवंड्याची बोटे कशी चालतात याचा अभ्यास करू लागले. आम्हा बेटवासीयांना ही गोष्ट विशेष जवळची वाटते. बांधकामाच्या ठिकाणी गाणारा माणूस आपल्याकडेही असतो. थांबून ऐकणारा प्रवासी सहसा नसतो.

एलिझाबेथ कॉटन यांची गोष्ट तर घरातलीच आहे. वॉशिंग्टनमध्ये सीगर नावाच्या संगीतज्ञ कुटुंबाकडे त्या घरकाम करीत. डावखुऱ्या असल्यामुळे त्या गिटार उलटी धरून वाजवीत. लहानपणी त्यांनी रेल्वेगाडीवर एक गाणे रचले होते, पण नंतर कित्येक वर्षे गिटारीला हात लावला नव्हता. घरातल्या मुलांना एके दिवशी कळले की आपल्या कामवाल्या बाई मोठ्या कलावंत आहेत. त्या घरचे माइक सीगर यांनी त्यांची गाणी फितीवर घेतली आणि १९५८ साली फोकवेजने ती प्रसिद्ध केली. पुढे दुसऱ्या एका कंपनीने काढलेल्या त्यांच्या तबकडीला १९८५ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी गाठली होती.

शाळेच्या दृष्टीने मोलाचे काम केले ते शिकागोच्या एला जेन्किन्स यांनी. त्यांची पहिली तबकडी फोकवेजने १९५७ साली काढली. पद्धत साधी होती. बाईंनी एक ओळ म्हणायची, मुलांनी तिचे उत्तर द्यायचे. आपल्या भजनात बुवांनी चरण सांगावा आणि मागच्यांनी तो उचलावा, तसेच हे. मुलांसमोर वाद्यांचा थाट लागत नाही, टाळी आणि आवाज पुरतात. १०० वर्षांचे आयुष्य लाभून त्या २०२४ साली वारल्या. त्यांच्या तबकड्यांवर अमेरिकेतल्या बालवाड्यांच्या पिढ्या वाढल्या.

जुन्या गाण्यांनी शोधून काढलेली माणसे

यादीतून काही काढायचे नाही, या हट्टाचे फळ किती लांबवर जाते त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९५२ साली निघालेला अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह. हॅरी स्मिथ हे जुन्या तबकड्यांचे वेडे संग्राहक. पैशांच्या अडचणीत ते आपला संग्रह अ‍ॅश यांना विकायला आले. अ‍ॅश यांनी त्यांनाच कामाला लावले; निवड करा, टिपणे लिहा, आपण काढू. १९२७ ते १९३२ या काळातली ८४ गाणी सहा मोठ्या तबकड्यांवर आली. गाणारे होते शेतमजूर, गिरणी कामगार, गावचे भजनी. गोरा कोण आणि काळा कोण, हे स्मिथ यांनी जाणूनबुजून सांगितले नाही.

संग्रह फार खपला नाही. पण ग्रंथालयांत तो पोचला आणि तरुण मुले तो ऐकत राहिली. त्यांत मिसिसिपी जॉन हर्ट यांची दोन गाणी होती. १९२८ नंतर त्यांचे ध्वनिमुद्रण झाले नव्हते. ते हयात असतील असे कोणाला वाटत नव्हते. त्यांच्या एका जुन्या गाण्यात अ‍ॅव्हलॉन या गावाचे नाव येते. १९६३ साली एक चाहता त्या नावाचा माग काढीत मिसिसिपीतल्या त्या खेड्यात पोचला, तर हर्ट तेथेच शेतीत मजुरी करीत होते. त्याच वर्षी ते न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात हजारो श्रोत्यांपुढे गायले. १९६६ साली ते गेले, पण शेवटची तीन वर्षे ते गायक म्हणून जगले. कमी खपणारी तबकडी यादीत राहिली म्हणून एका माणसाचे म्हातारपण उजळले.

नाण्याची दुसरी बाजू

येथवर वाचून अ‍ॅश म्हणजे कोणी संत होते असा समज होईल. तसे नव्हते. पैशांच्या बाबतीत ते फार चिकट होते. अनेक गायकांना सुरुवातीला थोडी रक्कम मिळे आणि पुढे खपाचा हिशेब मिळत नसे. कलावंतांच्या तक्रारी त्यांच्या हयातीत आणि नंतरही चालू राहिल्या. दुसऱ्या कंपन्यांनी पूर्वी काढलेल्या आणि पुढे बाजारातून काढून घेतलेल्या तबकड्यांवरची गाणी ते परवानगी न घेता पुन्हा काढीत. मूळ मालकाने गाणे कुलुपात ठेवले तर लोकांना ते ऐकण्याचा हक्क आहे, अशी त्यांची बाजू होती. हॅरी स्मिथ यांचा संग्रहही असाच निघाला होता.

काही गायकांनी असेही म्हटले की दुसऱ्या कोणी आम्हाला दारातही उभे केले नसते. ते खरे असेल. तरी गरिबाचे गाणे जपले म्हणून गरिबाचे पैसे ठेवून घेण्याची मुभा मिळत नाही. आवाज जपणे आणि आवाजाच्या धन्याला त्याचे देणे देणे ही दोन कर्तव्ये आहेत. एक केले म्हणून दुसरे फिटत नाही. वाचकांनी हा धडाही पहिल्या धड्याइतकाच मनावर घ्यावा.

यादीचे वारसदार

वय झाल्यावर अ‍ॅश यांना एकच चिंता लागली होती. कंपनी विकत घेणारे होते, पण घेणारा खपाची शंभर-दोनशे नावे ठेवून बाकीची फेकून देईल. शेवटी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेशी बोलणी झाली. तेथे लोककला महोत्सवाचे काम उभारणारे राल्फ रिन्झलर यांनी त्यासाठी पुष्कळ खटपट केली. १९८६च्या ऑक्टोबरात अ‍ॅश वारले आणि १९८७ साली व्यवहार पुरा झाला. अट एकच, २,१६८ पैकी एकही नाव यादीतून काढायचे नाही. १९८८ साली बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन आदी नामवंतांनी वुडी गथ्री व लेड बेली यांची गाणी म्हणून एक तबकडी काढली आणि त्या पैशातून या कामाला हातभार लावला.

संस्थेने अट कशी पाळली? ज्याची मागणी वर्षातून एकदा येते, त्याची प्रत मागणी आल्यावर कॅसेटवर काढून द्यायची. पुढे कॅसेटची जागा सीडीने घेतली आणि आता गाणे संगणकावर उतरवून घेता येते. साधन बदलत गेले, नियम तोच राहिला. २०१५ साली युनेस्कोने हा संग्रह ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या जागतिक नोंदवहीत घेतला.

आपल्या ओव्या, आपली झाकरी

असे काम मराठीत झाले आहे काय? झाले आहे, आणि ते वाचून मान ताठ होते. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या पुण्याच्या दोघा संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांत जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. विजेची गिरणी गावात आली, जाते थांबले, आणि जात्याबरोबर ओवीही थांबू लागली, हे त्यांनी पाहिले. एक हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायांनी सांगितलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळशा प्रत्यक्ष गाऊन घेतल्या. पॉइतवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली गेल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या भाषांतरासह लोकांपुढे ठेवायला आरंभ केला. ओवीखाली बाईचे नाव आहे, गावाचे नाव आहे. फोकवेजच्या पुस्तिकेने जे केले, तेच येथे आहे.

आता आपल्या बेटाकडे वळू. सेगाचे राजे म्हणून १९६४ साली गौरवले गेलेले ती फ्रेर १९९२ साली वारले, पण त्यांचा आवाज फ्रान्सच्या ओकोरा कंपनीच्या ध्वनिमुद्रणात राहिला. भोजपुरी बांधवांच्या गीत गवईची नोंद युनेस्कोने २०१६ साली केली. आपली झाकरी मात्र मुख्यतः माणसांच्या गळ्यात आहे. कोकणच्या जाखडीशी नाते सांगणारे हे गाणे-नाचणे पूर्वजांनी जहाजातून गाठोड्यात आणले नाही, तोंडपाठ आणले. ज्या गोष्टी तोंडपाठ येतात त्या तोंडाबरोबरच जातात. गणपतीत म्हणायची पदे, लग्नातली हळदीची गाणी, आजीने पाळण्याशी म्हटलेल्या ओळी, आणि कोकणी-मराठीत मिसळलेले क्रेओल शब्द, यांतले काय महत्त्वाचे आणि काय फालतू हे ठरवत बसण्याइतका वेळ आता आपल्याजवळ नाही.

यंत्राची सबब आता चालणार नाही. अ‍ॅश यांना ज्यासाठी खोलीभर सामान लागे, ते काम आज प्रत्येक नातवाच्या खिशातल्या फोनवर होते. तेव्हा शिक्षकांनी, मंडळांनी आणि घरोघरच्या तरुणांनी पुढील चार नियम पाळावेत असे आम्ही सुचवतो. पहिला, गाणाऱ्याला आधी विचारावे आणि त्याच्या संमतीनेच आवाज घ्यावा. पुढे कधी त्यातून पैसे आले तर त्याचा वाटा त्याला द्यावा. दुसरा, प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि गाण्याचा प्रसंग मोठ्याने सांगावा, कारण कागद हरवतो पण आवाजात सांगितलेले आवाजाबरोबर राहते. तिसरा, शब्द वहीत उतरवून अवघड शब्दांचा अर्थ गाणाऱ्यालाच विचारून लिहावा. चौथा, एक प्रत घरी, एक शाळेत आणि एक मंडळात ठेवावी. एकाच फोनमध्ये ठेवलेला ठेवा फोनबरोबर बुडतो.

आणि गाणे बेसूर आहे, आजीला मध्येच खोकला आला, बाहेर बस थांबली, म्हणून ते पुसून टाकू नये. तो खोकला आणि ती बससुद्धा आपल्या गावाची खूण आहे. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा, एकच गाणे मागा आणि ऐकत असताना मध्ये बोलू नका. पुढच्या रविवारी दुसरे मागा.